अण्णांचं बोर्डिंग

सातारा जिल्ह्यात शिकलेल्या कुणालाही शाळेच्या ऑफिसातला एक फोटो आठवायला सांगा. भरघोस पांढरी दाढी, खादीचे कपडे, करारी नजर. दरवर्षी २२ सप्टेंबरला त्या फोटोला हार पडतो, सकाळी फेरी निघते, वडाच्या झाडाचं बोधचिन्ह असलेला फलक हातात घेऊन पोरं गावभर फिरतात, मग भाषणं होतात. भाषणात 'थोर', 'महान', 'गोरगरिबांचे कैवारी' हे शब्द येणार म्हणजे येणारच. कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकूच येत नाही.

या फोटोचा एक तोटा आहे. त्यात भाऊराव कायम म्हातारेच दिसतात. हा माणूस कधी विशीत होता, त्याला हॉस्टेलमधून काढलं होतं, तो मॅट्रिकही झाला नव्हता, पोटासाठी दारोदार माल विकत होता आणि त्याने तुरुंगाची हवा खाल्ली होती, हे त्या दाढीमागे लपून जातं. आज बावीस-तेविशीतल्या, डिग्री हातात आणि पुढे काय हा प्रश्न डोक्यात असलेल्या आपल्यासारख्यांना खरं तर हाच भाऊराव ओळखीचा वाटायला हवा.

नापास, हकालपट्टी, तुरुंग

२२ सप्टेंबर १८८७ला कोल्हापूर भागातल्या कुंभोजला, आजोळी, त्यांचा जन्म झाला. घराणं जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत कारकून. बदल्या होतील तशी पोराची शाळा बदलायची. अभ्यासात भाऊराव फार चमकत होते असं कुणी सांगत नाही. पोहणं, कुस्ती, भटकणं आणि कुठे अन्याय दिसला की आडवं जाणं, यातच पोरगं रमायचं. विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी रहाटच मोडून विहिरीत टाकला, ही गोष्ट आपल्याकडे आजही शाळाशाळांतून सांगतात.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलात गेले. हे कोल्हापूर शाहू महाराजांचं. १९०२मध्ये मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखणारं आणि जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उघडणारं. भाऊराव राहायला होते जैन बोर्डिंगात. तिथले अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, विद्वान आणि शिस्तीचे कडक. १९०८मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यायचं असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी आंघोळ केली नाही. माणसांना भेटून आल्यावर विटाळ कसला, एवढाच त्यांचा मुद्दा. हा आणि असले आणखी काही खटके जमा होऊन शेवटी त्यांना बोर्डिंगमधून बाहेर काढलं. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं, पण मॅट्रिकचा उंबरठा काही ओलांडता आला नाही. इंग्रजी सहावीपर्यंत जाऊन गाडी थांबली.

जरा विचार करा, पुढे ज्याने हजारो पोरांसाठी वसतिगृहं काढली, त्याला स्वतःला वसतिगृहातून हाकललं होतं. आणि तेही एका आंघोळीवरून.

या गोष्टीला पुढे असं वळण आहे की सिनेमातही खोटं वाटावं. १९१४मध्ये कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातल्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. पोलिसांचा रोख होता लठ्ठ्यांवर. साक्षीदार हवा होता. भाऊरावांना पकडलं, लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष दे म्हणून छळलं. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून घालवलं, त्याच्याविरुद्ध नुसती मान हलवली असती तरी सुटका होती. भाऊराव बधले नाहीत. छळ इतका झाला की तुरुंगात त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे पुढे १९३७मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

चारित्र्य हा शब्द आपल्याकडे फार गुळगुळीत झालाय. मुलगी किती वाजता घरी आली आणि मुलाच्या तोंडाला कसला वास येतो, इथवरच आपण तो आणून ठेवलाय. भाऊरावांच्या आयुष्यात या शब्दाचा अर्थ बघायचा असेल तर तो या कोठडीत बघावा. ज्याच्याशी आपलं जमत नाही त्याच्याबद्दलही खोटं बोलायचं नाही, आणि तेही बोलून फायदा असताना. एवढाच अर्थ, पण तो किती महागात पडतो ते त्यांनी भोगून पाहिलं होतं.

नांगर विकता विकता

सुटल्यावर घर तर चालवायचं होतं. कुंभोजच्या अदक्का, म्हणजे लक्ष्मीबाई, यांच्याशी लग्न आधीच झालं होतं. साताऱ्यात भाऊराव शिकवण्या घेत. लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. मॅट्रिक न झालेला माणूस शिकवण्या घेतो आणि त्या चालतात, हे आजच्या क्लासवाल्यांनी मनावर घ्यावं. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचं काम केलं, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. आजच्या भाषेत फिरता सेल्समन.

माझ्या मते हा काळ त्यांच्या चरित्रात फार घाईत उरकला जातो. नांगर विकायचा तर बांधावर जावं लागतं, शेतकऱ्याशी तासभर बोलावं लागतं, त्याची परिस्थिती कळल्याशिवाय उधारी देता येत नाही. सातारा-सांगलीची गावं भाऊरावांनी अशी पायाखाली घातली. कुठल्या घरात हुशार पोरगं गुरांमागे आहे, कुठल्या गावाला शाळाच नाही, कुठे शाळा आहे पण पोराला पायरीवर बसवतात, हे सगळं त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. कुठल्याही सर्व्हेची गरज पडली नाही.

साताऱ्याजवळ पाडळीला धनजीशा कूपर यांच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याच्या उभारणीत भाऊराव होते. कारखान्याच्या नफ्यातून शिक्षणाच्या कामाला पैसे मिळतील असं ठरलं होतं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ते मिळाले नाहीत, आणि भाऊरावांनी कारखाना सोडला. भाऊराव शांत स्वभावाचे नव्हते, रागाचा भडका चटकन उडायचा. पण त्यानंतर एक गोष्ट पक्की झाली. पोरांचं शिक्षण एखाद्या श्रीमंताच्या लहरीवर ठेवायचं नाही. जे उभं करायचं ते लोकांच्या मूठभर धान्यावर आणि पोरांच्या हातावर.

त्याची सुरुवात आधीच झाली होती. १९१०मध्ये सांगलीजवळच्या दुधगावात मित्रांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला होता. मग ४ ऑक्टोबर १९१९ला कराड तालुक्यातल्या काले गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. रयत म्हणजे कष्टकरी, कुणबी माणूस. संस्थेचं नाव कुणा राजाचं, देवाचं किंवा देणगीदाराचं नव्हतं. ते या कुणब्याचंच होतं.

सत्यशोधक म्हटलं की आपल्या शिरवळकरांना लांब जायला नको. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यातच, इथून हाकेच्या अंतरावर. जोतीराव-सावित्रीबाईंनी दुष्काळात पोरांना गोळा करून जेवू घातलं, शिकवलं. भाऊराव त्याच वाटेने आले. फरक एवढाच की त्यांनी ही वाट गावोगाव नेली.

चूल एकच

१९२४मध्ये संस्थेचं बिऱ्हाड साताऱ्याला आलं आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. सुरुवात अगदी घरातूनच. ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य समाजातल्या मुलाला भाऊरावांनी आपल्या घरी आणलं, आपल्या चुलीवरचं खाऊ घातलं. मग एकेक करत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, धनगर अशी पोरं जमत गेली. पुढे धननीच्या बागेत बोर्डिंग भरलं. २५ फेब्रुवारी १९२७ला महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहतात, एका पंगतीत जेवतात, हे बघून गांधीजी खूश झाले. पुढे हरिजन सेवक संघाकडून बोर्डिंगला वर्षाला ५०० रुपयांची मदतही सुरू झाली.

आज एका पंगतीत जेवणं यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. त्या काळात शाहू महाराजांनाही कोल्हापुरात जातवार बोर्डिंग काढावी लागली होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, अस्पृश्यांचं वेगळं. ते बरोबरच होतं, कारण एकत्र राहा म्हटलं असतं तर कुणी आपली पोरं पाठवलीच नसती. भाऊराव त्याच्या पुढची पायरी चढले. त्यांनी वेगवेगळ्या खोल्या दिल्या नाहीत, वेगळी चूल दिली नाही. पोरांनीच पाणी भरायचं, पोरांनीच भाकऱ्या थापायच्या, पोरांनीच वाढायचं आणि खरकटी काढायची. आज तुझी पाळी, उद्या माझी. ज्याच्या हातचं पाणी गावात आई पिऊ देत नव्हती, त्याच्या हातची भाकरी इथे भूक लागली की खावीच लागायची. जातीवर व्याख्यान द्यायची गरज कमी पडली, कारण स्वयंपाकघरातच ती रोज झिजत होती.

आणि या स्वयंपाकघरात एक बाई होती. लक्ष्मीबाईंबद्दल आपण एक वाक्य पाठ केलंय, त्यांनी मुलांसाठी मंगळसूत्र विकलं. शाळेतल्या भाषणात या वाक्यावर टाळी पडते आणि वक्ता पुढे जातो. मला वाटतं इथे जरा थांबायला हवं. लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. खायचं काय, कुणाच्या हातचं, कुठल्या वेळी, हे सगळं लहानपणापासून अंगात मुरलेलं. नवऱ्याने एक दिवस सगळ्या जातींची पोरं आणून पंगतीला बसवली. नवरा बाहेर निधी गोळा करत गावोगाव फिरतोय आणि घरात ही बाई पोरांची आजारपणं काढतेय, त्यांचं खाणंपिणं बघतेय. पोरं त्यांना वहिनी म्हणत. सोनं एकेक करून गेलं. शेवटी एकदा भाऊराव गावाला गेलेले असताना बोर्डिंगात धान्य संपलं, तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. १९३०मध्ये त्या गेल्या, वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

भाऊरावांनी स्वतःची निवड स्वतः केली होती. लक्ष्मीबाईंना ती आधी कुणी विचारली होती का, हा प्रश्न आजच्या मुलीला पडणारच. पण त्या नुसत्या नवऱ्यामागे फरफटत गेल्या असंही म्हणता येत नाही. पोरांना वाढलेल्या प्रत्येक ताटाने त्यांनी स्वतःच्या संस्कारांशी झगडा घेतला आणि तो जिंकला. भाऊरावांना विटाळ आधीपासूनच मान्य नव्हता, लक्ष्मीबाईंना तो मनातून काढावा लागला. दोघांत कुणाचं काम अवघड होतं, तुम्हीच ठरवा. रयतेत त्यांना 'रयत माउली' म्हणतात. फोटोला हार घालताना त्यांचा फोटोही शेजारी असतो का, एवढं आपापल्या शाळेत बघायला हरकत नाही.

कुदळीचा तास

बोर्डिंगचा खर्च चालायचा कसा? मुष्टिफंड हा एक रस्ता. घरोघरी रोज दळण-कांडण करताना मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगच्या पोरांनी गोळा करून न्यायचं. देणाऱ्या बाईला मूठभर जड नाही आणि घेणाऱ्याला लाजिरवाणं नाही. वर त्या गावाला बोर्डिंग आपलं वाटायचं.

दुसरा रस्ता पोरांचे स्वतःचे हात. शेतात राबणं, माती वाहणं, खडी फोडणं, पाया खणणं, इमारतीला हातभार लावणं, हे सगळं शिक्षणाचाच भाग. १९४०मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि १९४७मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्हीकडे फी नाही, त्याऐवजी काम. 'कमवा आणि शिका' ही योजना तिथून महाराष्ट्रभर गेली. संस्थेचं ब्रीदच स्वावलंबनाचं. फुकट दिलेलं शिक्षण पोराची मान खाली घालतं, कष्टाने मिळवलेलं ती वर ठेवतं, हा त्यामागचा हिशोब.

यातली खरी खुबी मला फार उशिरा कळली. काम गरिबाच्या पोरानेच करायचं असं बोर्डिंगात नव्हतं. काम सगळ्यांनाच होतं. पाटलाचं पोरगं आणि मांगाचं पोरगं एकाच खड्ड्यात कुदळ मारत असेल, तर कुदळ मारण्यात कमीपणा उरतोच कुठे? आता आजचं चित्र बघा. पुणे विद्यापीठात भाऊरावांच्याच नावाने कमवा आणि शिका योजना आहे, इतर विद्यापीठांतही अशा योजना आहेत. पोरं-पोरी लायब्ररीत पुस्तकं लावतात, ऑफिसात नोंदी करतात, बागेत काम करतात, तासाप्रमाणे पैसे मिळतात. चांगली योजना आहे, कित्येकांची मेस त्यावर चालते. पण आपल्या वर्गातली या योजनेतली पोरं आठवा. बागेत काम करताना वर्गातलं कुणी येताना दिसलं की खुरपं खाली ठेवून मोबाइल काढणारी मुलं मी पाहिली आहेत. का? कारण योजना उरली, पण ती फक्त गरजूंची झाली. बाकीचे कट्ट्यावर बसून बघतात. अण्णांच्या बोर्डिंगात बघणारा कुणी नव्हता. माझ्या मते त्या परंपरेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच होती आणि नेमकी तीच आपण मधेच कुठेतरी सांडली.

डोंगरावरच्या शाळा

बोर्डिंगातून शिकलेली पोरं पुढे करणार काय, याचंही उत्तर भाऊरावांकडे होतं. १९३५मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. शिकलेल्या पोराने गावात जाऊन शिकवायचं. १९३८मध्ये साताऱ्याच्या डोक्यावरच्या यवतेश्वरला पहिली व्हॉलंटरी शाळा निघाली. मग जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरकपारीत, जिथे सरकारी शाळा पोचत नव्हती तिथे या शाळा पोचल्या. देवळात, कुणाच्या ओसरीवर, कधी झाडाखाली. बघता बघता पाचशेच्या वर शाळा झाल्या. मुलींचा विचार जरा मागून आला, तो आधी यायला हवा होता. पण १९४२मध्ये शिक्षिका तयार करणारं जिजामाता अध्यापिका विद्यालयही साताऱ्यात सुरू झालं.

आपल्या शिरवळवरून जाणाऱ्या पुणे रस्त्याचाही या गोष्टीत वाटा आहे. पुणे करारानंतर, १९३२मध्ये, भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं, स्पृश्य-अस्पृश्य पोरांनी एकत्र राहून कॉलेज करावं म्हणून. साताऱ्याकडच्या खेड्यातल्या पोराला पुण्यात खोली कोण देणार? त्यातही आडनाव ऐकल्यावर? बोर्डिंगाने तो प्रश्न मिटवला. या बोर्डिंगांतून शिकून काय माणसं बाहेर पडली याचा एकच नमुना सांगते. भाऊरावांच्या तालमीत वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

सरकारशीही भांडण

स्वातंत्र्य मिळालं, आपलं सरकार आलं, आता तरी सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण जानेवारी १९४८मध्ये गांधीजींचा खून झाला आणि भाऊराव आतून हलले. गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प त्यांनी केला. त्याच काळात जाहीर भाषणात त्यांनी सरकारवर टीका केली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. संस्थेचं अनुदान बंद झालं.

हजारो पोरं, शेकडो शिक्षक, आणि तिजोरीत खडखडाट. माफीचं एक पत्र पाठवून प्रकरण मिटवता आलं असतं, पण कोल्हापूरच्या कोठडीत जो माणूस वाकला नाही तो इथे कसा वाकणार? पुन्हा लोकांच्या दारात जाणं आलं. लोकांनी दिलंही. आणि मग या भांडणात पडले गाडगे महाराज. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, स्वतः अक्षरशत्रू. त्यांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. पुढे १९५४मध्ये रयतने कराडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं नाव कॉलेजला. मला हे फार आवडतं.

शिरवळच्या खोल्या

आता जरा आपल्या गावात येऊ. शिरवळ म्हणजे पूर्वी सुभानमंगळ किल्ला, जुनी पाणपोई आणि नीरेचा काठ. आता शिरवळ म्हणजे एमआयडीसी, हायवे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि खोल्या. कॉट बेसिसवर, एका खोलीत चार-पाच जण. कुणी नांदेडचा, कुणी बीडचा, कुणी थेट बिहारचा. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी मुक्त विद्यापीठाची पुस्तकं उघडणारी पोरं इथे गल्लोगल्ली आहेत. आईवडिलांना पैसे पाठवून उरलेल्यात फी भरणाऱ्या मुली आहेत. कमवा आणि शिका म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? फक्त याला कुणी योजना म्हणत नाही आणि या पोरांच्या पाठीवर हात ठेवायला कुणी अण्णा नाही, कुणी वहिनी नाही.

खोली भाड्याने देताना काय विचारतात तेही सगळ्यांना माहीत आहे. आधी कंपनी, मग गाव, मग आडनाव. आडनावावरून अंदाज नाही आला तर सरळ पुढचा प्रश्न. १९३२मध्ये पुण्यात ज्या प्रश्नासाठी बोर्डिंग काढावं लागलं, तो आज आपल्या गल्लीत, आपल्याच माणसांच्या तोंडी आहे. विचारणारे काही वाईट लोक नाहीत, आपलेच काका-मामा आहेत, कदाचित रयतच्याच शाळेत शिकलेले. पण त्याच खोल्यांच्या आत गेलात तर दुसरं चित्र दिसतं. ज्याची सेकंड शिफ्ट असेल त्याने सकाळी भाजी करायची, फर्स्ट शिफ्टवाल्याने रात्री भांडी घासायची. भिंतीवर पाळ्यांचा कागद चिकटवलेला असतो. या पोरांना विचारलं तर भाऊरावांचं चरित्र त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीतही नसेल.

रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून जास्त शाखा आहेत. साताऱ्यात २०२१मध्ये भाऊरावांच्या नावाचं विद्यापीठही झालं. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या नावाचं.

त्यांना स्वतःला मानसन्मान मिळाले ते अगदी शेवटी. जानेवारी १९५९मध्ये पद्मभूषण. ५ एप्रिल १९५९ला पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. तोवर तब्येत पार खालावली होती. ३४ दिवसांनी, ९ मेला, पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये ते गेले. समाधी साताऱ्यात आहे, संस्थेच्या आवारात. पुण्याहून तिकडे जायचं तर नीरा नदीचा पूल ओलांडायचा, शिरवळ मागे टाकायचं आणि खंबाटकी चढून उतरायचं. ज्या रस्त्याने त्यांची पोरं कॉलेजला पुण्याला जायची, तोच रस्ता, उलट्या दिशेने.